हाताने विणलेल्या स्वेटरचा गोल गळा नीट कसा पूर्ण करायचा? कडेला भोकं दिसतात, आणि एकदा तर डोक्यातूनच जाईना

तुम्ही लिहिलंय की लेकीच्या स्वेटरची पाठ, पुढचा भाग, बाह्या सगळं झालंय आणि गळ्यापाशी गाडी अडलीये. पहिल्यांदा पट्टी विणली तर कडेला भोकं दिसली आणि पट्टी झालरीसारखी उभी राहिली, उसवून परत विणली तर दिसायला छान झाली पण चार वर्षांच्या मुलीच्या डोक्यातून जाईना. मी गुहागरला राहते आणि आमच्याकडे स्वेटर लागतो तो डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेला, तेवढाच, पण भाच्यापुतण्यांसाठी पुण्याला पाठवायला माझं विणकाम वर्षभर चालू असतं. त्यात मला सगळ्यात आवडतं काम विचाराल तर गळ्याचंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक सांगते, पट्टीत काही अवघड नाहीये, एक सुलट एक उलट तुम्हाला येतंच. गळा बिघडतो तो दोनच जागी, टाके उचलताना (म्हणजे गळ्याच्या कडेतून पट्टीसाठी नवे टाके सुईवर घेताना) आणि शेवटी टाके बंद करताना. तुमची पहिली तक्रार उचलण्याची आहे, दुसरी बंद करण्याची.

टाके किती उचलायचे हा प्रश्न सगळ्या जणी विचारतात आणि पुस्तकात दिलेला आकडा धरून बसतात, पण तो आकडा त्या पुस्तकवालीच्या हाताचा असतो, तुमचा हात सैल असेल किंवा घट्ट असेल तर तो तुमच्या कामाचा नाही. त्याऐवजी हे लक्षात ठेवा की साध्या सुलट विणीत टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. मध्यम जाडीच्या लोकरीवर ८ नंबरच्या (४ मिलीमीटर) सुयांनी विणलं तर १० सेंटीमीटरमध्ये साधारण २२ टाके बसतात पण ओळी मात्र ३० च्या आसपास बसतात. म्हणजे गळ्याच्या उभ्या कडेला प्रत्येक ओळीतून एक टाका उचललात तर ३० ओळींच्या जागेत तुम्ही ३० टाके कोंबताय जिथे २२ च मावतात, मग पट्टी फुगून उभी राहणारच. म्हणून उभ्या कडेला आणि उतारावर चार ओळींमागे तीन टाके, तीन सलग उचला, चौथी ओळ सोडा, परत तीन. आणि मध्ये जे टाके तुम्ही सपाट बंद केले होते तिथे, आणि पाठीच्या गळ्यावर, एकाला एक. एवढं केलं की आकडा आपोआप बरोबर येतो.

उदाहरण देते म्हणजे कळेल. समजा पुढच्या गळ्याला मध्ये १२ टाके बंद केलेत आणि दोन्ही बाजूंना १६-१६ ओळी वर गेलात, तर मधले १२, दोन्ही बाजूंचे १२-१२, आणि पाठीवर समजा २४, झाले ६०. ६० ही संख्या एक सुलट एक उलटलाही चालते आणि दोन सुलट दोन उलटलाही, चारने भाग जातो म्हणून. तुमचा आकडा ५८ किंवा ६१ आला तरी जीव टांगणीला लावू नका, पहिल्या ओळीत एखाद्या ठिकाणी, शक्यतो खांद्याच्या शिवणीजवळ, दोनाचा एक करा नाहीतर एक वाढवा, कोणाला दिसत नाही.

आता भोकं. भोकं पडतात कारण आपण अगदी कडेचा धागा पकडतो, आणि कडेचा टाका नेहमी सैल असतो, तो ओढला की उघडा पडतो. कडेपासून एक टाका आत जा, पूर्ण एक टाका, आणि त्याचे दोन्ही धागे सुईवर येतील अशी सुई बाहेरून आत घाला, लोकर आतल्या बाजूला धरायची आणि फास बाहेर काढायचा. हाताने जमत नसेल तर क्रोशाची सुई घ्या, तिने फास काढायचा आणि विणायच्या सुईवर चढवायचा, मी तर नेहमी असंच करते, लोकरीचे धागे फाटत नाहीत आणि वेगही येतो. उतारावर जिथे तुम्ही आधी तीन मग दोन मग एक असे टाके बंद केले असतील तिथे पायऱ्या पडलेल्या असतात. त्या पायऱ्यांच्या काठाकाठाने जाऊ नका!! पायऱ्यांच्या आतून एक गोलसर रेघ मनात धरा आणि त्या रेघेवर टाके उचला, पायऱ्या आत वळून जातात. वाटलं तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने आधी धावदोरा घालून घ्या आणि त्याच्यावरून उचला, नंतर दोरा ओढून काढायचा.

तरीसुद्धा एक जागा हट्टी असते, मधले बंद केलेले टाके संपून उतार सुरू होतो तो कोपरा, दोन्ही बाजूंचा. तिथे एक जादा टाका उचला आणि पुढच्या ओळीत तो मागच्या धाग्यातून विणा म्हणजे त्याला पीळ बसतो आणि भोक आवळलं जातं, त्याच्या पुढच्या ओळीत तो शेजारच्याबरोबर दोनाचा एक करून टाका. खांद्याच्या शिवणीलाही हेच.

तुमच्याकडे चार सुयांचा सेट किंवा गोल सुई आहे का ते लिहिलं नाहीये. असेल तर दोन्ही खांदे शिवून गोलच विणा. नसेल तर नुसत्या दोन सुयांवरही उत्तम होतं, आमच्याकडच्या जुन्या बायका सगळ्या असंच करायच्या. फक्त उजवा खांदा शिवायचा, डावा उघडा ठेवायचा, सुलट बाजू आपल्याकडे धरून पुढच्या भागाच्या डाव्या खांद्यापासून सुरुवात करायची, उताराने खाली, मधले टाके, उजव्या उताराने वर, मग पाठ. पट्टी झाली की डावा खांदा आणि पट्टीची कड एकत्र शिवायची. पट्टीची शिवण सपाट घाला, जाड राहिली तर मुलं मान खाजवत बसतात.

सुया दोन नंबर बारीक घ्या, अंग ८ वर असेल तर गळा १० वर (आपल्याकडचे नंबर उलटे चालतात, आकडा मोठा तेवढी सुई बारीक, ८ म्हणजे ४ मिलीमीटर आणि १० म्हणजे सव्वातीन). उंचीला दोन सेंटीमीटर पुरतात, सात-आठ ओळी. पहिली ओळ झाली की सगळ्या टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवा, परत उसवायची वेळ आली तर उचललेले टाके जागेवर राहतात. तुम्ही आधीच उसवून बसलाय, तेव्हा हे नक्की करा.

आता डोक्यातून न जाण्याचं. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ५० सेंटीमीटर असतो, आणि त्याच हिशोबाने वरचे ६० टाके नुसते ठेवले तर जेमतेम २७ सेंटीमीटर भरतात. म्हणजे गळा जवळजवळ दुप्पट ताणायला हवा. एक सुलट एक उलट वीण तेवढी ताणते, अगदी आरामात, पण ताणत नाही ती शेवटची बंद केलेली कड. सगळी माया तिथे अडते. म्हणून बंद करताना ८ किंवा ७ नंबरची जाड सुई उजव्या हातात घ्या, आणि सुलटावर सुलट, उलटावर उलट विणत बंद करा, सगळे सुलट करून बंद केलेत तर कड ताठ होते आणि बाहेर वळते. दहा-पंधरा टाके बंद झाले की थांबून हाताने ताणून बघा, खालची पट्टी जेवढी ताणली जाते तेवढीच वरची कड ताणली गेली पाहिजे, नाहीतर तेवढेच टाके परत उसवा. आणि लोकर तोडायच्या आधी लेकीच्या डोक्यात घालून बघा, आधी!

याहून चांगली पद्धत म्हणजे सुईदोऱ्याने टाके बंद करणं. एलिझाबेथ झिमरमन (१९१०-१९९९) म्हणून इंग्लंडात जन्मलेल्या आणि अमेरिकेत राहिलेल्या फार मोठ्या विणकाम शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांच्यामुळे ही पद्धत सगळीकडे पोचली. गळ्याच्या घेराच्या चौपट लोकर ठेवून तोडायची आणि बोथट टोकाच्या मोठ्या सुईत ओवायची. विणायच्या सुईवरच्या पहिल्या दोन टाक्यांतून उजवीकडून डावीकडे ओवायचं, धागा ओढायचा, मग पहिल्या टाक्यातून डावीकडून उजवीकडे परत यायचं आणि तो टाका सोडून द्यायचा. परत पुढचे दोन, परत पहिल्यातून मागे. धागा आवळायचा नाही, नुसता बसवायचा. वेळ लागतो पण कड अशी ताणली जाते की मूल स्वतःच्या हाताने स्वेटर घालतं.

लहान मुलांसाठी माझी स्वतःची पसंती दुहेरी पट्टीला आहे. दुप्पट ओळी विणायच्या, चौदा-पंधरा, टाके बंद करायचेच नाहीत, पट्टी आतल्या बाजूला दुमडायची आणि सुईवरचा एकेक जिवंत टाका जिथून उचलला होता त्या आतल्या रेघेला सैल हाताने शिवत जायचं. बंद केलेली कडच नाही त्यामुळे अडण्याचा प्रश्न नाही, टाके उचललेली शिवण झाकली जाते, आणि गळा गुबगुबीत होतो, धुऊन धुऊन लोळत नाही. लोकर थोडी जास्त लागते, आमच्याकडे चिपळूणच्या बाजारात त्याच रंगाचा गोळा नंतर मिळेलच असं नसतं म्हणून गळ्याची लोकर मी सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवते.

क्रोशाने मुक्या खांबांची (क्रोशाचा आखूड, घट्ट टाका) कड घालून गळा संपवायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. पुढून उघड्या बटणांच्या स्वेटरला ती सुंदर दिसते. डोक्यातून घालायच्या स्वेटरला घालू नका, मुका खांब ताणत नाही, परत तीच रड. अगदी तान्ह्या बाळाचा असेल तर गळ्याच्या ताणावर विसंबूच नये, बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, एका खांद्यावर दोन-तीन बटणं ठेवावी.

इस्त्री. लोकर खरी असेल तर ओलं फडकं ठेवून वाफ देता येते, पण बाजारात आपल्याला जी मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते, तिच्या पट्टीवर गरम इस्त्री फिरली की ताण कायमचा मरतो, परत येत नाही. नुसती ओली करून, हाताने आकार देऊन सपाट वाळवा. आणि धुतल्यावर दोरीवर टांगू नका, पाण्याच्या वजनाने गळा लांबतो. पावसाळ्यात इथे काही वाळत नाही, तेव्हा टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढायचं आणि पंख्याखाली चटईवर पसरायचं. खाऱ्या दमट हवेत मोज्याच्या बारीक पोलादी सुयांना गंज चढतो, पांढऱ्या लोकरीचा गळा घ्यायच्या आधी सुया पुसून बघा, गंजाचा डाग निघत नाही.

तुमची दुसऱ्यांदा विणलेली पट्टी अजून तशीच असेल तर पूर्ण उसवू नका. ती दिसायला छान आहे म्हणजे टाके बरोबर उचलले गेलेत, फक्त शेवटची बंद केलेली ओळ टोकाकडून उसवा, टाके सुईवर घ्या आणि वर सांगितलं तसं सुईदोऱ्याने बंद करा. लोकर कुठली आहे आणि अंग कुठल्या नंबरवर विणलंय ते लिहा, गळ्याचे टाके मी हिशोब करून सांगते.