भारताचे धावपटू अविनाश साबळे यांनी स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याची शर्यत, इतक्या उशिरा सुरू करूनही एवढी मजल कशी मारली? माझा भाचा नागपुरात दहावीत आहे. त्याने आत्ताच हा प्रकार धरावा का?

मी विद्यापीठ स्तरावर चार वर्षे ३००० मीटर स्टीपलचेस धावलो आहे आणि आता नागपुरातच मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात सकाळी काही मुलांच्या सरावाला मदत करतो. त्यामुळे तुमचा हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

साबळे उशिरा आले हे खरे आहे, परंतु ते कोऱ्या पाटीने आले नव्हते. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावात १९९४ साली जन्मलेल्या या मुलाला शाळेसाठी रोज पाच-सहा किलोमीटर अंतर पायीच कापावे लागे. बारावीनंतर ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले आणि सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा ठिकाणी त्यांनी सेवा केली. २०१५ मध्ये ते सैन्याच्या क्रॉस कंट्री शर्यतींत उतरले आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना २०१७ मध्ये, म्हणजे बावीस-तेविसाव्या वर्षी, स्टीपलचेसकडे वळवले. उशीर झाला तो अडथळ्यांच्या शिक्षणाला. दमसास लहानपणापासूनच बांधला जात होता.

हा फरक समजण्यासाठी शर्यतीचे स्वरूप पाहावे लागते. साडेसात फेऱ्यांमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते आणि हर्डल शर्यतीतल्या अडथळ्याप्रमाणे तो धक्का लागला की पडत नाही. पाय अडकला तर धावपटू पडतो. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब असून तो अडथळ्याजवळ सर्वांत खोल आणि पुढे उथळ होत जातो, म्हणून ज्याची उडी लांब जाते त्याला पाणी कमी लागते. माझी पहिली दोन वर्षे याच खड्ड्याने खाल्ली. आमच्या सरावाच्या मैदानावर खड्डा होता, पण त्यात कधी पाणी भरले जात नसे, आणि कोरड्या वाळूत उतरण्याची सवय झालेला पाय पहिल्याच स्पर्धेत पाण्यात उतरताच मुरगळला. चांगल्या धावपटूचाही सपाट ३००० मीटरच्या तुलनेत या अडथळ्यांमुळे साधारण अर्धा मिनिट जातो. म्हणजे वेळ सुधारायची तर दोनच वाटा उरतात: सपाट धावण्याचा वेग वाढवणे आणि प्रत्येक अडथळ्यावर वाया जाणारा वेळ कमी करणे.

साबळे यांनी या दोन्ही वाटा धरल्या. गोपाल सैनी यांचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून अबाधित होता. २०१८ मध्ये भुवनेश्वरला साबळे यांनी ८:२९.८० अशी वेळ देऊन तो मोडला. आपल्याकडे सदतीस वर्षांचा विक्रम मोडला की सत्कार होतात, नोकरीत बढती मिळते आणि पुष्कळदा धावपटू तिथेच स्थिरावतो. साबळे मात्र स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत राहिले आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीग या अव्वल आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेत ८:०९.९१ पर्यंत पोहोचले. सहा वर्षांत जवळपास वीस सेकंदांची ही सुधारणा माझ्या मते त्यांच्या कोणत्याही पदकाइतकीच मोलाची आहे. याच काळात, २०२२ मध्ये, त्यांनी ५००० मीटरमधला बहादूर प्रसाद यांचा १९९२ चा राष्ट्रीय विक्रमही मोडला. स्टीपलचेसमधल्या सुधारणेमागे सपाट धावण्याची ताकद किती होती, हे त्यातून दिसते. त्यासाठी त्यांनी समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीवरच्या अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्येही सराव केला, कारण उंचावरच्या विरळ हवेत दमसास वाढतो. आपले नागपूर जेमतेम ३१० मीटरवर आहे.

बर्मिंगहॅमची २०२२ ची राष्ट्रकुल स्पर्धा आमच्या मुलांना मी वारंवार दाखवतो. १९९८ पासून सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या प्रकारातली तिन्ही पदके केनियाच्या धावपटूंनी नेली होती. साबळे यांनी ८:११.२० अशी वेळ देऊन रौप्यपदक जिंकले. सुवर्णविजेते अब्राहम किबिवोट त्यांच्यापुढे केवळ ०.०५ सेकंदाने होते. एका अडथळ्यावर पाऊल किंचित चुकले तरी यापेक्षा जास्त वेळ जातो. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ८:१९.५० या स्पर्धाविक्रमासह सुवर्ण आणि ५००० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. त्याच वर्षी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत मात्र त्यांना प्राथमिक फेरीही पार करता आली नव्हती. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ते या प्रकाराच्या अंतिम फेरीत पोहोचलेले पहिले भारतीय पुरुष ठरले आणि अकरावे आले. महिलांमध्ये हा मान साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर यांनी रिओमध्ये २०१६ सालीच मिळवला होता, हे आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी तरी विसरू नये.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला पाण्याच्या उडीवरच त्यांचा गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. त्याआधी मे महिन्यातच त्यांनी गुमी येथे आशियाई अजिंक्यपद पटकावले होते. दुखापतीची बातमी वाचून मला अतिशय वाईट वाटले, कारण त्या खड्ड्यात उतरताना गुडघ्यावर येणारा भार मी अनुभवला आहे.

आता तुमच्या भाच्याविषयी. त्याने इतक्यात पूर्ण उंचीच्या अडथळ्यांमागे लागू नये. दोन वर्षे १५०० आणि ३००० मीटर सपाट धावावे, आठवड्यातून एकदा सेमिनरी हिल्सच्या चढावर जावे आणि उन्हाळ्यात सराव सकाळी साडेपाचलाच सुरू करावा, कारण मे महिन्यात आठ वाजता नागपूरचे ऊन शरीराला काही शिकू देत नाही. सोबत आठवड्यातून दोनदा गुडघ्याइतक्या उंचीचे हलके अडथळे आलटून पालटून दोन्ही पायांनी ओलांडण्याचा सराव ठेवावा. फक्त उजव्या किंवा फक्त डाव्या पायाने ओलांडणारा धावपटू गर्दीत पावले मोजत बसतो आणि तिथेच मागे पडतो; माझे तसेच झाले होते. पाण्याची उडी बारावीनंतर, आणि तीही खड्ड्यात खरोखर पाणी असेल तरच, घ्यावी.