मुलगी सात वर्षांची आहे, नाशिकमध्ये कथकचा क्लास लावतोय. घुंगरू आणि ड्रेस आत्ताच घ्यावा का?

ड्रेस नकोच. सुती सलवार-कुर्ता आणि तिरकी घट्ट बांधलेली ओढणी पुरते. फक्त सलवार घोट्याच्या वर हवी, नाहीतर पाय अडकतो. घुंगरू क्लासच्या ताई सांगतील तेव्हाच. सुरुवातीला एका पायाला 25 किंवा 50 पितळी, सुती दोरीत ओवलेले घ्या. शंभराचा हट्ट मुलांपेक्षा पालकांचाच जास्त असतो! तोवर घरी अनवाणी तत्कार (पायांचा मूळ ठेका) आणि हातावर टाळी देत तीनतालाच्या 16 मात्रांची पढंत (बोल तोंडाने म्हणणे) करू द्या. टाइल्सवर फार वेळ नाचवू नका, गुडघे दुखतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक (पहिल्या) परीक्षेची घाई नको. त्यापेक्षा कालिदास कलामंदिरात कथकचा कार्यक्रम असला की घेऊन जा.