थ्रीडी डेस्कटॉप म्हणजे नुसता देखावाच होता का? आज लिनक्सवर क्यूब, म्हणजे चार बाजूंना चार डेस्कटॉप असलेला, स्क्रीनवर फिरवता येणारा ठोकळा, बसवण्यात अर्थ आहे का?

देखावा म्हणणाऱ्या बहुतेकांनी तो दुसऱ्याच्या स्क्रीनवर दोन मिनिटं पाहिलेला असतो. मी तो दोन वर्षं वापरला.

२००८ ची सुरुवात, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. उबुंटू ७.१० या लिनक्सची सीडी तेव्हा पोस्टाने फुकट यायची. त्यात कॉम्पिझ, म्हणजे खिडक्यांचे थ्रीडी परिणाम दाखवणारा प्रोग्राम, होतंच, पण क्यूब स्वतः चालू करावा लागे. आडव्या डेस्कटॉपची संख्या चार करायची असते हे मला ठाऊक नव्हतं. दोनच ठेवली, तर क्यूबऐवजी पाटी फिरायला लागली, पुढून एक बाजू, मागून एक. चार केल्यावर जमलं. समोर कोड, उजवीकडे टर्मिनल, डावीकडे प्रोजेक्ट रिपोर्ट, मागे गाणी.

आई चहा घेऊन आली. तिने कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता. कंट्रोल-ऑल्ट धरून मी माउसने क्यूब ओढला, ती बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे गाणी भिंतीमागच्या खोलीत आहेत." आठवड्याने म्हणाली, "ते डाव्या अंगाचं दाखव, किती लिहून झालं?" मिनिमाइज म्हणजे काय हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही, पण कुठली वस्तू कुठल्या बाजूला ठेवलीय हे तिच्या पक्कं लक्षात होतं. माझा मोठा भाऊ मात्र टास्कबारवरच्या पंधरा बटणांत फाइल शोधत मला सांगायचा, "खेळणी आहेत ही, नोकरी नाही देणार."

आता तुमचा प्रश्न. बाकीचे प्रयोग बुडाले ते रास्तच होतं. सन कंपनीच्या लुकिंग ग्लास या थ्रीडी डेस्कटॉपमध्ये खिडकी उलटी करून तिच्या पाठीवर टिपण लिहिता यायचं, बम्पटॉपमध्ये फाइलींचे ढीग रचता यायचे (ते गूगलने २०१० मध्ये विकत घेतलं), उघड्या खिडक्यांची तिरकी रांग दाखवणारं विंडोज व्हिस्टाचं फ्लिप थ्रीडी विंडोज ८ मध्ये काढून टाकलं. तिरकी खिडकी वाचता येत नाही, आणि माउस तर सपाट टेबलावरच फिरतो. न्यूझीलंडच्या कॉकबर्न आणि मॅकेन्झी या संशोधकांनी २००२ मध्ये तपासून पाहिलं, तर तिसऱ्या मितीचा वापर वाढवत नेला तशी माणसं वस्तू शोधायला जास्त वेळ घेत होती.

क्यूबचं तसं नाही. काम करताना समोरची बाजू पूर्ण सपाट असते, तिसरी मिती फक्त एका बाजूवरून दुसरीकडे जाताना दिसते. तेवढ्यानेच जागा डोक्यात बसते. शिवाय प्रत्येक खिडकी वेगळी रंगवून ग्राफिक्स कार्डाने एकत्र मांडायची ही कॉम्पिझची पद्धत आज सगळीकडे आहे.

तेव्हा बसवा. केडीई प्लाझ्मा ६ या लिनक्सवरच्या डेस्कटॉपमध्ये, म्हणजे २०२४ पासून, क्यूब परत आलाय. हो, एक राहिलं: फिरणाऱ्या स्क्रीनने गरगरत असेल तर नको, आणि बाजू चारच ठेवा.

भाऊ आता लॅपटॉपवर तीन बोटांनी चार डेस्कटॉप सरकवतो आणि कुठलं काम कुठल्यावर ठेवलंय ते न बघता सांगतो. दादा, वाचत असशील तर, मी हेच म्हणत होतो.