बेदुईन म्हणजे वाळवंटातले अरब, ते तर भटके, मग ‘राहत’ हे त्यांचं शहर कसं झालं?

आपणहून वसलेलं नाही, सरकारने वसवलेलं आहे. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात, बेर्शेबाच्या उत्तरेला, १९७२ साली राहत उभं राहिलं. १९९४ मध्ये शहराचा दर्जा मिळाला.

त्याआधी बेदुईनांसाठीच वसवलेल्या ‘तेल शेवा’ या गावात सरकारने तयार घरं बांधून दिली होती. लहान, एकमेकांना खेटून. तंबूत मोकळं राहिलेल्यांना ती कशी पटणार? मग राहतमध्ये नुसते प्लॉट दिले, घर ज्याने त्याने बांधायचं. वस्त्याही कुळांनुसार पाडल्या, आपल्याकडे भावकीची आळी असते ना, तशाच. पक्क्या घराशेजारी पाहुण्यांसाठी तंबू आणि चुलीवर कडू कॉफी, हे मात्र सुटलं नाही.

बाकी हजारो बेदुईन आजही मान्यता नसलेल्या गावांतच आहेत. जमिनीवरचा हक्क सोडायची त्यांची तयारी नाही.