डब्यातले दिवे का लुकलुकतात?

मॉडेल रेल्वेवाल्यांची आठवड्याला चार-पाच पत्रं येतात. डबे वेगळे, तक्रार एकच.

प्रश्न : एचओ मापाचा (1:87) नवा डबा रुळावर ठेवला की अख्खा लेआउट, म्हणजे रुळांची सगळी मांडणी, बंद पडतो.

उत्तर : चाकांचा एखादा जोड उलटा बसलाय. इन्सुलेटेड (वीज न वाहू देणारं) चाक चुकीच्या बाजूला गेलं की शॉर्ट होणारच.

प्रश्न : दिवे लुकलुकायचे. मित्राच्या सांगण्यावरून रूळ पॉलिश पेपरने घासले. दोन दिवस बरे गेले, आता पहिल्यापेक्षा जास्त लुकलुकतात.

उत्तर : जाणारच होते दोन दिवस! त्या ओरखड्यांत मळ बसतो. सुती फडकं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, चाकंही पुसा. मित्राला चहा पाजा, सल्ला मागू नका.

प्रश्न : दुकानदाराने 'फ्लिकर-फ्री' म्हणून दहा डब्यांत प्रत्येकी 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा) बसवून दिला. पाचवा डबा जोडला की पॉवर जाते, येते, पुन्हा जाते.

उत्तर : हेच मी कधीपासून सांगतोय. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखाच वागतो. पाच एकदम तहानलेले, बूस्टरला (रुळांना पॉवर देणाऱ्या यंत्राला) वाटतं शॉर्ट झाला, तो पॉवर तोडतो. परत देतो, पुन्हा तेच. तुमचा बूस्टर बिघडलेला नाही, नवा विकत घेऊ नका. ब्रिज रेक्टिफायरनंतर (रुळातल्या उलटसुलट करंटचा एकाच दिशेचा करंट करणाऱ्या भागानंतर) कपॅसिटरच्या वाटेत 100 ओहमचा रेझिस्टर हवा. त्याला समांतर डायोड असा, की भरताना करंट रेझिस्टरमधूनच जाईल आणि परतताना डायोडमधून. कपॅसिटर 25 व्होल्टचा घ्या. पैसे वाचवायला मी एकदा 16 व्होल्टचा लावला होता, तोही उलटा. फट्‌ आवाज झाला आणि डब्याच्या छताला आतून काळा डाग पडला, तो अजून आहे. सोल्डरिंगचा सराव नसेल तर जाणत्याला शेजारी बसवून करा.

प्रश्न : जुन्या डब्यात बल्ब आहेत. छत जरा वाकलंय, वासही येतो. पंधरा दिवस झाले.

उत्तर : पंधरा दिवस? आजच डबा उतरवा. जुन्या डीसी पद्धतीत रुळातलं व्होल्टेज कमी-जास्त करून गाडी चालते, त्यामुळे गाडी थांबली की बल्बही विझायचे. डीसीसीत (रुळांतूनच डिजिटल आज्ञा पाठवायच्या पद्धतीत) गाडी उभी असली तरी रुळावर पूर्ण व्होल्टेज असतं, म्हणून प्लास्टिक सतत तापतं. एलईडी बसवा. 15 व्होल्टला, ब्रिजनंतर, एका पांढऱ्या एलईडीला 2.2 किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे साधारण 5 मिलिअँपिअर. तुमच्या यंत्रणेचं व्होल्टेज आधी मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर क्लबातल्या कुणाला तरी विचारा.

प्रश्न : एफझीरो (दिव्यांचं बटण) दाबलं की इंजिनाबरोबर डब्याचेही दिवे लागतात.

उत्तर : दोघांच्या डीकोडरचा (आज्ञा ओळखणाऱ्या चिपचा) पत्ता 3, म्हणून दोघंही एकच आज्ञा पाळतात. डब्याचा बदला, त्या वेळी इंजिन प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (पत्ता बदलायच्या वेगळ्या रुळावर) नको.