सत्तेचाळिसाव्या वर्षी स्कूबा प्रशिक्षक व्हायचंय, नोकरी कधी सोडू?

प्रश्न : मी ४७ वर्षांचा, चाकणच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन इंजिनीअर आहे. मालवणला ट्राय डाइव्ह (प्रशिक्षकाच्या हाताला धरून, कोर्सशिवाय केलेली डाइव्ह) केली आणि वेड लागलं. गेल्या हिवाळ्यात अंदमानात पाडी (PADI) या आंतरराष्ट्रीय डायव्हिंग संस्थेचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स पूर्ण केला. आता प्रशिक्षकच व्हायचं आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, मुलगी बारावीत आहे. व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन लगेच सुरुवात करू, की वय निघून गेलं?

उत्तर : वय निघून गेलेलं नाही. पाडीच्या प्रशिक्षक अभ्यासक्रमाला किमान वय १८ आहे, कमाल वयाची अट नाही. पण व्हीआरएसचा अर्ज आत्ता देऊ नका. तुमच्या बाबतीत आधी डॉक्टर, मग डाइव्ह आणि शेवटी राजीनामा असा क्रम हवा.

डायव्हिंगच्या वैद्यकीय प्रश्नावलीत ४५ वर्षांवरच्या लोकांना रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि घरातला हृदयविकार याबद्दल वेगळं विचारतात. एकाही प्रश्नाला ‘हो’ असेल तर डॉक्टरांची सही लागते. ती सही ओळखीच्या डॉक्टरांकडून उरकून घेऊ नका. गोळी कोणती आहे तेही विचारा : बीटा ब्लॉकर असेल तर श्रमाच्या वेळी हृदयाचा वेग पुरेसा वाढत नाही आणि प्रवाहाविरुद्ध पोहताना नेमका तोच लागतो. ताबा नसलेल्या रक्तदाबात पाण्याखाली फुफ्फुसांत पाणी साचण्याचा धोकाही असतो. ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करून घ्या. पाहुणा म्हणून डाइव्ह करताना दमलात तर वर येता येतं. प्रशिक्षक दमला तर त्याच्या भरवशावर असलेल्या विद्यार्थ्यांचं काय?

पुढची वाट अशी : ॲडव्हान्स्ड कोर्स, मग प्रथमोपचार आणि रेस्क्यू (बचाव), मग डाइव्हमास्टर, म्हणजे व्यावसायिक डायव्हरची पहिली पायरी. डाइव्हमास्टर सुरू करायला ४० डाइव्ह लागतात, प्रमाणपत्र मिळायला ६०. प्रशिक्षक अभ्यासक्रमाला बसताना ६० डाइव्ह हव्यात आणि पहिलं प्रमाणपत्र घेऊन सहा महिने झालेले हवेत. अंतिम परीक्षेपर्यंत लॉगबुकात १०० डाइव्ह भरायला हव्यात. शिवाय प्रथमोपचार शिकवण्याचा प्रशिक्षक कोर्स आणि १२ महिन्यांच्या आतलं वैद्यकीय प्रमाणपत्र.

हा हिशेब नोकरी सांभाळून जमतो. दहा दिवसांच्या रजेत पंचवीसच्या आसपास डाइव्ह होतात, म्हणजे दोन हंगामांत चार रजा. परतीच्या विमानाआधी, अनेक डाइव्ह झाल्या असतील तर, किमान १८ तास पाण्याबाहेर राहायचं असतं, तो दिवस आधीच धरून ठेवा. सगळ्या डाइव्ह एकाच ठिकाणी करू नका. मालवणचं गढूळ पाणी, कर्नाटकातलं नेत्राणी बेट आणि अंदमान यांत वेगवेगळं शिकायला मिळतं; शिकवण्यासाठी गढूळ पाण्याचा अनुभव जास्त मोलाचा आहे.

पुण्यात असताना तलाव सोडू नका. डाइव्हमास्टरला ४०० मीटर पोहणं, मास्क-स्नॉर्कल-फिन्स लावून ८०० मीटर, १५ मिनिटं तरंगणं आणि निश्चल पडलेल्या डायव्हरला १०० मीटर ओढत नेणं असतं. तरंगणं सोडून बाकी चाचण्यांत वेळेप्रमाणे गुण मिळतात. चाळिशीनंतर दम आणि खांदे परत कमवायला महिने लागतात, म्हणून आजपासून आठवड्यातून तीन दिवस पोहा.

अंतिम परीक्षेत सिद्धान्ताचे पाच विषय असतात, प्रत्येकात ७५ टक्के लागतात. दाब आणि आकारमानाची गणितं तुम्हाला सोपी जातील. अडचण पाण्यातल्या पाठात येते. सहउमेदवार विद्यार्थी बनतात, त्यातल्या एकाला मुद्दाम चूक करायला सांगितलेलं असतं आणि ती तुम्हाला लगेच दिसली पाहिजे. स्वतःचं प्रात्यक्षिक नीट करण्याच्या नादात नजर विद्यार्थ्यावरून हटते आणि गुण तिथेच जातात.

आता कानांचं. ओपन वॉटरच्या विद्यार्थ्याला ६ ते ९ मीटरवरून श्वास सोडत वर येण्याचा सराव द्यावा लागतो, एका वेळी एकालाच, आणि दर खेपेला प्रशिक्षक सोबत असतो. चार विद्यार्थी म्हणजे चार वेळा वर-खाली. कान आणि सायनस यांची खरी परीक्षा अशा दिवसांत होते. सर्दी असताना जोर लावून कान मोकळे करू नका. नुसता दडा बसला तर नशीब, पडदा फाटला तर कित्येक आठवड्यांचं काम बुडतं. आणि सर्दीच्या दिवसाचा मेहनताना बहुतेक ठिकाणी कुणी देत नाही.

उत्पन्नाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मालवणात पावसाळ्यात काम बंद असतं. तिथलं मुख्य काम ट्राय डाइव्हचं आहे, आणि ते स्थानिक तरुण उत्तम करतात. त्यांच्याशी सिलिंडर उचलण्याची स्पर्धा तुम्ही करू नका. तुमची जागा वेगळी आहे. डाइव्ह सेंटरचा जीव सिलिंडर भरणारा कॉम्प्रेसर आणि सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोचवणारा रेग्युलेटर यांत असतो, आणि त्यांची शिस्तीत देखभाल करणारी माणसं कमी आहेत. हवा आत घेणारा पाइप डिझेल इंजिनच्या धुराच्या वाऱ्यात आला तर कार्बन मोनॉक्साइड थेट सिलिंडरमध्ये जातो. दमट हवेत फिल्टर लवकर संपतो, म्हणून तासांची नोंद ठेवावी लागते. रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजमधली (सिलिंडरला जोडलेल्या भागातली) व्हॉल्व्हची सीट झिजली की पुढच्या नळीतला दाब हळूहळू चढतो आणि तोंडाजवळून हवा आपोआप वाहू लागते. हे सगळं तुमच्या हातचं आहे. एखाद्या रेग्युलेटर कंपनीचा दुरुस्ती कोर्स करा. ‘शिकवतो आणि यंत्रंही सांभाळतो’ असा माणूस सेंटरला पावसाळ्यातही लागतो, कारण सगळी दुरुस्ती तेव्हाच निघते. मराठीत शांतपणे समजावणारा प्रौढ प्रशिक्षक पन्नाशीच्या घाबरलेल्या पाहुण्यालाही हवाच असतो.

कोर्सची फी विचारताना एकच आकडा घेऊ नका. शिकवणी, साहित्य, परीक्षा शुल्क, प्रथमोपचार प्रशिक्षक कोर्स, वार्षिक सभासदत्व आणि विमा असे सहा आकडे वेगवेगळे, लेखी मागा. परीक्षा शुल्क बहुधा वेगळं असतं आणि ते ऐनवेळी अंगावर येतं.

व्हीआरएसचा अर्ज डाइव्हमास्टरचं प्रमाणपत्र हातात पडल्यावर आणि एका सेंटरवर सलग सहा आठवडे काम करून पाहिल्यावर द्या. तोवर मुलीच्या पदवीच्या फीचा अंदाजही आलेला असेल. ती रक्कम वेगळी काढून उरलेल्या पैशांत दोन पावसाळे कमाईशिवाय निघतात का, हे पत्नीसोबत बसून मांडून पाहा. आणि या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. जाताना प्रश्नावली आणि गोळीचं पाकीट दोन्ही सोबत न्या.