टाक कोणाकडे जाणार, या तुझ्या प्रश्नाबद्दल

प्रिय मनू,

परवा व्हिडिओ कॉलवर आपल्या देवघरातल्या टाकांबद्दल, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या कुळाच्या देवांबद्दल, आज्जी सहज म्हणाली, "पुढे देव दादाकडे जातील, त्याच्या लग्नाआधी उजळून घेऊ." फोन ठेवल्यावर तू मला म्हणालीस, "आई, दर चंपाषष्ठीला टाक मी घासते. त्यातला खंडोबा कुठला नि भवानी कुठली, हे दादाला सांगताही येत नाही. मग ते त्याचे कसे? आणि तुला तर ते नकोच होते ना? मग आज्जीला तसं सांगितलं का नाहीस?"

मी गॅसजवळ उभी होते, तिथेच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी तू होस्टेलला परत गेलीस. तुझा प्रश्न लागला मला. रागावल्यामुळे नव्हे. यातला पहिला अर्धा प्रश्न मी तुझ्याहून लहान असताना माझ्या आईला विचारला होता, म्हणून.

गुहागरचं घर तू पाहिलंस ते बंद पडल्यावर. माझ्या लहानपणी तिथे सकाळ व्हायची ती अण्णांच्या पूजेने. फुलं आणायचं काम माझं. पाऊस असला तरी परडी घेऊन जायचं. तगर, जास्वंद, श्रावणात सोनटक्का. दूर्वा निवडायच्या, मग सहाणेवर गंध उगाळायचं. पाणी किती घालायचं हे अण्णांनी मला हात धरून शिकवलं होतं. पातळ झालं तर ते रागवायचे नाहीत, नुसते थांबायचे, मी परत उगाळेपर्यंत. शाळिग्राम, शंकराचा बाण, पितळी गणपती, सगळे मला घरातल्या माणसांसारखे ओळखीचे होते. पण देवांना हात लावायचा तो मुंजी झालेल्या मुलांनी. माझा चुलतभाऊ मे महिन्यात डोंबिवलीहून यायचा आणि पाटावर बसायचा, मी बाहेर परडी धरून. अण्णा गेल्यावर देव काकांकडे डोंबिवलीला गेले. मी आईला म्हटलं, निदान सहाण तरी मला ठेव. आई म्हणाली, "अगं, ती देवांबरोबर जाते." तिचाही आवाज बरा नव्हता. विषय तिथेच संपला.

लग्नात मला गौरीहराची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण मिळाले, सगळ्या मुलींना मिळतात तसे. आपल्या देवघरात उजवीकडे आहेत ते. चांगले आहेत, पण नवे होते. त्यांना अण्णांचा हात लागलेला नव्हता.

आणि मग बाबांच्या घरचे टाक. ज्या देवांवर माझा जीव होता ते मला मिळाले नाहीत, आणि जे मी कधी पाहिलेही नव्हते ते माझ्या ओंजळीत ठेवले गेले, कारण मी थोरली सून. आमच्याकडे कोकणात टाक नव्हते. चांदीच्या पत्र्यावर ठशाने उठवलेली ती घोड्यावरची मूर्ती, शेजारी म्हाळसा, खाली कुत्रा, हे मी सासरी पहिल्यांदा पाहिलं. इतक्या पिढ्यांनी धुतलेले की नाकडोळे झिजून गेलेत, एकाच्या मागचा तांब्याचा पत्राही उचकटलाय. मला ते नको होते, हे खरं आहे. सासवडच्या तुझ्या काकूंनी तुला सांगितलं असेल, आणि त्यांनी सांगितलं तर त्यात चुकीचं काही नाही. मेलबर्नला भाड्याचं घर, दोघांच्या शिफ्ट, दादा लहान. रोज पाणी कोण घालणार, नैवेद्य कोण दाखवणार? आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते काकूंना हवे होते. आज्जीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून सासवडला रोजची पूजा काकूच करत होत्या. घासूनपुसून, सणवार सांभाळून. न्याय म्हणून पाहिलं तर ते त्यांचेच होते.

मी आज्जीला एकदा तसं सुचवलं. थेट नाही, आपल्याकडे सासूला थेट बोलत नाहीत, निदान मी बोलले नसते. म्हटलं, "आई, तिकडे आमच्याकडून नीट होईल का? इथेच असू देत की." आज्जी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तो तिकडे गेला. देवही इकडे ठेवले तर त्याचं इथलं काय आणि तिथलं काय?" त्यापुढे मला काही बोलता आलं नाही. ती देवांबद्दल बोलत नव्हती गं, मुलाबद्दल बोलत होती. तुझे बाबा दाराशी उभे होते, तेही गप्प राहिले.

मग आम्ही जे केलं ते घर राखण्यासाठी केलं. भाऊ वेगळे राहायला लागले की धाकट्याला नवे टाक करतात, तशी रीतच आहे. पुण्यात सोनाराकडून काकूंसाठी नवे करून घेतले आणि जुने-नवे दोन्ही घेऊन सगळे जेजुरीला गेलो, देवभेट करून आणली. पायऱ्यांवर भंडाऱ्याने पाय पिवळे झाले होते, काकू माझ्यापुढे चालत होत्या आणि एकदाही मागे वळल्या नाहीत. सागवानी देव्हारा मात्र त्यांच्याकडेच राहिला. लाकडाला ऑस्ट्रेलियात उतरल्यावर तपासणी लागते, म्हणून मी तो नेला नाही. आज्जीलाही ते पटलं. म्हणजे देव्हारा जुना नि देव नवे त्यांच्याकडे, आणि जुने देव आपल्या आयकियाच्या फळीवर. काकू मला एवढंच म्हणाल्या, "वहिनी, नवे छान आहेत. पण चेहरे ओळखीचे नाहीत." ते मी विसरलेले नाही. शांतता राहिली, फोन होत राहिले, दिवाळीचा फराळ येत राहिला. पण ती शांतता काकूंच्या खर्चाने राहिली, हे तुला कळायला हवं, म्हणून लिहिते आहे.

तुझ्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग, दादाचे कसे? कायद्याने महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क दिला. जमिनीच्या वेळी आत्याची सही लागली ती त्यामुळेच. देवघराचं मात्र कोणी बोललं नाही. आत्याही नाही.

तू सहावीत होतीस तेव्हाची चंपाषष्ठी आठवते? बाहेर रणरणतं ऊन, ओव्हनमध्ये भरताची वांगी, बाजरीचे रोडगे माझ्याकडून नेहमीसारखे फुटलेले. तळी उचलायला पाच जण हवेत आणि पुरुष चारच, शेजारचे दोघे धरून. तू म्हणालीस, मी उचलते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आज्जी फोनवर पाहत होती. मला वाटलं, आता बोलेल. ती एवढंच म्हणाली, "डोक्यावर काहीतरी घे गं, उघड्या डोक्याने नको." तू दादाची क्रिकेटची टोपी घातलीस आणि सगळ्यांत मोठ्याने येळकोट केलास. माझ्यातली परडी धरून उभी असलेली मुलगी त्या दिवशी फार खूश झाली. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून मला आज्जीला नुसती जुन्या वळणाची बाई म्हणता येत नाही. आणि सगळं बरोबरच आहे असंही म्हणता येत नाही. मला श्रद्धा किती आहे, हे तू विचारलं नाहीस ते बरं केलंस. सकाळी पाणी घालताना मी देवाचं नाव घेते की अण्णांना आठवते, हे माझं मलाच वेगळं करता येत नाही.

तू ते घ्यावेस असा माझा आग्रह नाही. चांदीला चिंच लावायची नाही, टूथपावडर लावायची, हे तुला मी शिकवलं ते तू त्यात अडकावीस म्हणून नाही. पण तुला हवे असतील, तर दादा आणि बाबांशी मी बोलेन. दादाची हरकत असेल असं वाटत नाही. आज्जीला मात्र तूच विचार, मी शेजारी बसेन. माझ्यापेक्षा तुझं ती जास्त ऐकते. आणि तुला नको असतील, तर तेही तितक्याच मोकळेपणाने सांग. मग मी आधी काकूंना फोन करणार आहे. त्यांचा देव्हारा अजून तिथेच आहे.

डिसेंबरात येशील तेव्हा ठरवू. परीक्षेच्या आधी यावर डोकं घालू नकोस. जेवण वेळेवर कर.

तुझी,
आई